तुंबाभर मोस्त

"ओ ड्रायव्हर, विचारून घ्यायचं असतं!"

चंदना हे म्हणाली तेव्हा ड्रायव्हरच्या तोंडात करवंद होतं, एक हात स्टेअरिंगवर होता आणि दुसरा मागे, तिच्या टोपलीत. जव्हारहून दाभोशाला निघालेल्या त्या जीपमध्ये चार गोरे पाहुणे होते, त्यांच्या बॅगा त्यांच्याहून जाड. आणि मधल्या सीटच्या टोकाला, बाजारातून उरलेली करवंदं मांडीवर घेऊन चंदना, अर्धी बसलेली, अर्धी लोंबकळणारी.

"विचारलं असतं तर दिली असती?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

"नाय."

"मग चोरली तेच बरं ना."

त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि चोराला त्याचा पत्ताच नव्हता. चंदना खिडकीबाहेर तोंड वळवून हसली. पण मेल्यानं आरसाही तिकडेच वळवून ठेवला होता! आता आरसा रस्ता बघायला असतो की पोरी बघायला? पण मुकेशला कोण सांगणार. खोडाळ्याचा पोरगा. अंगानं सडसडीत, दिसायला बरा, आणि गाडीला ब्रेक होता तसा जिभेला नव्हता. पाहुणे फिरवता फिरवता इंग्रजी शिकला होता. जिथं शब्द अडायचा तिथं हात हलवायचा.

वळणावर दरी उघडली तशी इंग्लंडची पोरगी ओरडली, "मोस्ट ब्यूटीफुल!"

तिच्या शेजारचा उंच चेक माणूस फिस्सकन हसला. त्यानं काचेवरच्या धुळीत बोटानं चार अक्षरं काढली, आणि मग चौघांची जी जुंपली... हात काय, बोटं काय, एकमेकांची अक्षरं पुसून परत तीच काढणं काय!

"भांडतायत का रे?" चंदनानं विचारलं.

"शब्दावरून. ही चार अक्षरं बघ. इंग्लंडात मोस्ट म्हणजे सगळ्यात जास्त. हा लांब्या म्हणतो, आमच्यात मोस्त म्हणजे पूल. ती कुरळ्या केसांची हंगेरीची बाई, ती म्हणते मोश्त म्हणजे आत्ता, या घडीला. नि मागचा म्हातारा, टोनीबाबा, ऑस्ट्रियाचा. त्याच्याकडं मोस्त म्हणजे फळं पिळून काढलेला रस. नुसता पण, नि फसफसलेला पण."

"नि शब्द एकच?"

"लिहायला एकच. पण टोनीबाबा म्हणतो, नात्यातले नाय ते. प्रत्येकाचं मूळ वेगळं, घर वेगळं. चालता चालता चौघांची तोंडं सारखी झाली."

चंदनाला ते इतकं आवडलं की तिनं टोपलीच पुढे केली. पाहुण्यांपुढे. ड्रायव्हरपुढे नाही.

"नि मला?"

"तू घेतलीस की. मोस्ट घेतलीस."

जीप धाडकन खड्ड्यात गेली. खड्डा तिथं रोजचाच होता. मुकेशला तो दिसला नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

पाहुणे उतरले ते चंदनाच्याच घरी. कुडाच्या भिंतीवर काढतात ती लग्नाची चित्रं शिकायला आले होते, आणि शिकवणार होती चंदनाची आजी, हौशी. हौशी दाभोशाची धवलेरी. इकडच्या लोकांत लग्नाला भट लागत नाही, धवलेरी लागते. ती गाते, देवांना मांडवात बोलावते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न पुरं. हौशीनं शाळा पाहिली ती बाहेरून, शेळ्या वळताना. पण तिच्या तोंडाला लागायची अख्ख्या तालुक्यात कुणाची छाती नव्हती.

चंदनानं तिला शब्दाची गंमत सांगितली. हौशीनं नाक मुरडलं.

"त्यात काय नवल? खोडाळ्याच्या बाजारात एक मडकीवाला बसतो, हुबेहूब तुझ्या आज्यासारखा. तेच नाक, तेच टक्कल. म्हणून काय तो माझा नवरा झाला? घरी आणून भाकर वाढू त्याला?"

"गेल्या दिवाळीत वाढली होतीस," कोपऱ्यातून तिचा नवरा, मंगळूआजा म्हणाला.

"गप्प जेवला, तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला, हा माझा नवरा नाय म्हणून!"

एवढ्यात बॅगा वाहून घामाघूम झालेला मुकेश अंगणात येऊन उभा राहिला. हौशीनं पाण्याचा तांब्या उचलला. म्हातारी तोंडानं फटकळ, पण दारात आलेल्याला तहानलेला नाही ठेवायची.

"कुणाचा रे तू?"

"खोडाळ्याचा, आजी. लाडक्याचा धाकटा."

तांब्या मध्येच थांबला. "हेमंतचा भाऊ?"

"होय."

हौशीनं तांब्यातलं पाणी दारच्या भोपळ्याच्या वेलाला घातलं आणि आत निघून गेली.

झालं होतं असं. काही वर्षांमागे हेमंतच्या लग्नाला हौशी गेली होती. मांडवात बसून तिचं गाणं रंगात आलं असताना कुणीतरी डीजेचं बटण दाबलं. पोरं नाचायला लागली, म्हातारीचा आवाज त्यात बुडाला, आणि कुणालाही वाटलं नाही की थांबावं. हौशी उठली, पदर झटकला आणि भर मांडवात म्हणाली, "या घरचं पाणी पुन्हा माझ्या ओठाला लागायचं नाय." धवलेरीचा शब्द. तो काय जीपचा गिअर आहे, मागेपुढे करायला?

आणि चंदनाचा जीव अडकायचा तो नेमका इथंच. कारण इकडे मागणी येते तीही ओठावरूनच ठरते. मुलाकडचे दारू घेऊन येतात आणि भर लोकांत मुलीच्या घरच्या वडीलधाऱ्याच्या हातात देतात. त्यानं घोट घेतला की पोरगी दिली. नाही घेतला की आल्या पावली परत. चंदनाच्या घरी तो घोट घेण्याचा मान आजीचा होता, आणि आजीनं आजवर आलेल्या सगळ्यांना कोरड्या तोंडानं घालवलं होतं. एकाचा मुलगा तिला आळशी वाटला, दुसऱ्याची आई तिच्याहून जास्त बोलत होती.

मे सरत आला होता. पावसाआधी पाड्याच्या ओहोळावर साकव घालायचा असतो. लाकडं, बांबू, वेलींनी आवळलेले, दर वर्षी नवे. घरटी एक माणूस येतो. मुकेश दाभोशाचा नव्हता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण पाहुण्यांना सोडायला म्हणून सकाळी यायचा आणि बांबू खांद्यावर घेऊन उभा राहायचा. चंदना पलीकडच्या काठावर पाणी भरायला यायची. इतकं पाणी त्या घराला कधी लागलं नव्हतं.

"ए, मोस्त कुठवर आला?" ती पलीकडून ओरडायची.

"तुझा कुठला? माझा अर्ध्यावर आलाय!"

"मी पुलाचं विचारते!"

"मी पण पुलाचंच सांगतोय. तुला काय वाटलं?"

चंदनाला काय वाटलं ते कानापर्यंत लाल झालं. तिनं घडा पाण्यात जोरात बुडवला.

"तुम्ही खोडाळ्याचे सगळे असेच वाह्यात का रे?"

"नाय. मी मोस्ट."

चेक पाहुणा तर साकवाच्या प्रेमातच पडला होता. रोज नवा बांबू बसला की "मोस्त, मोस्त!" करत टाळ्या वाजवायचा. हंगेरीची बाई जेवणाची वेळ झाली की "मोश्त!" म्हणत बोटानं जमीन दाखवायची, म्हणजे आत्ता, इथं, भूक. आणि टोनीबाबाला डोंगरभर लगडलेली करवंदं दिसली. झालं. चंदनाला घेऊन तो टोपल्या भरून आणायचा, फडक्यात बांधून पिळायचा आणि गडद जांभळा रस हौशीच्या वाळल्या तुंब्यात भरायचा. भोपळा वाळवून केलेला तो तुंबा, एरवी हौशी कुणाला हातही लावू देत नसे.

"पाणी नाय घालायचं!" हौशी टोनीबाबावर डाफरायची. त्याला मराठीचा म कळत नव्हता, तरी तो घाबरायचा. "एक थेंब घातलास तर पाड्याबाहेर काढीन. कोरडा रस. नि तो तुंबा सावलीत नको ठेवू, उन्हात ठेव. उन्हात!"

"काय गं आजी, त्याच्या देशात तो करतो की रस," चंदना म्हणाली.

"त्याच्या देशात त्याची आजी बघेल. इथं मी हाय."

एका संध्याकाळी पाहुणे भिंतीवर चित्रं काढत बसले होते, हौशी तांदळाचं पीठ कालवत होती, आणि मुकेश येऊन तिच्यापासून हातभर लांब, उकिडवा बसला. पाणी मागितलं नाही. मिळणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आजी, एक विचारू?"

"नको."

"हेमंतदादाच्या लग्नात... मी मांडवाच्या मेढीला टेकून ऐकत होतो तुमचं गाणं. नवरदेव नदीवर आला, नदीला पूर, नवरी पलीकडं. तिथंच तो डीजे लागला. दादाला आता दोन पोरं झाली, पण गाण्यातला नवरदेव माझ्या डोक्यात अजून काठावर उभा हाय. तो पलीकडं गेला कसा?"

हौशीचा पिठातला हात थांबला. दाराआडून चंदना ऐकत होती.

"ऊठ," हौशी म्हणाली. "गाडी काढ. दिवस बुडाला."

मुकेश उठला. चंदना त्याच्यामागे ओहोळापर्यंत गेली.

"तिला गाण्याचं कशाला विचारलंस? जखमेवर बोट ठेवलंस."

"खरंच जाणून घ्यायचं होतं गं..." आणि तिच्याकडे बघून तो गंभीर झाला. "तू रडलीस का?"

"रविवारी साखरशेतचे येतायत. मागणीला. मुलगा कारकून हाय, पक्कं घर, मोटरसायकल. आजीनं या म्हणून निरोप दिलाय."

मुकेशनं साकवाची एक गाठ उगाच पुन्हा आवळली. 

"तुला... आवडतो तो?"

"मी त्याला बघितलंच नाय."

"मग मी पण येतो रविवारी. आई-बाबांना घेऊन, बाटली घेऊन."

"आणि? तुझ्या घरचं पाणी पीत नाय ती, दारू पिणार हाय?"

"मग मी काय करू, चंदना?"

"मला काय विचारतोस!" ती उसळली. "करवंदं घेताना विचारलं होतंस?"

आणि घडा तिथंच विसरून पळत सुटली.

रविवारी साकव पुरा झाला. शेवटचा बांबू बसला तसा सगळा पाडा ओहोळावर जमला. मुकेशचे आई-बाबाही आले होते. कशाला, ते त्यांना धड सांगता येत नव्हतं. पोरानं चला म्हटलं होतं, आणि पिशवीतली बाटली बाहेर काढायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात साखरशेतचे आले. कारकून मुलगा इस्त्रीच्या कपड्यात, पायात बूट. त्याचा मामा दुकानातली, कागदात गुंडाळलेली बाटली अशी धरून होता, जणू कप जिंकून आणलाय.

हौशी मधोमध घोंगडीवर बसली होती. चंदना तिच्या मागे, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मामानं घसा खाकरला आणि कागद सोडायला सुरुवात केली. कागद दोऱ्यानं बांधलेला, दोऱ्याला गाठीवर गाठी.

आणि टोनीबाबाला तेव्हाच सुचलं! पूल झाला म्हणजे त्यांच्याकडं मोस्त प्यायचा असतो म्हणे. त्यानं उन्हातला तुंबा उचलला, मुकेशच्या हातात दिला आणि हौशीकडे बोट दाखवलं. त्यांच्या देशातही पहिला मान म्हाताऱ्या माणसाचाच असणार. मुकेश बिचारा सकाळपासून मेल्यासारखा वावरत होता, पाहुण्यानं सांगितलं म्हणून उचलून नेला. हौशीपुढे वाकला, दोन्ही हातांनी तुंबा पुढे धरला.

"आजी, घ्या. पूल झाला."

हौशीनं त्याच्याकडे बघितलं. मामाच्या गाठीकडे बघितलं. आणि तुंबा तोंडाला लावला.

घोट नाही. घटाघटा. जांभळा ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत आला, तेव्हा कुठं तिनं तुंबा खाली घेतला आणि मोठ्ठा ढेकर दिला.

सगळा पाडा पुढे सरकला.

"अगं हौशी!" शेजारची बुधी किंचाळली. "तू प्यालीस!"

"मग? तहान लागली होती."

"भर लोकांत! खोडाळ्याच्या पोराच्या हातून! त्याचे आई-बाप समोर उभे!"

मुकेशनं स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. त्याच्या आईनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंडावरही ओढला, हसू लपवायला. चंदनाचा अंगठा मातीत थांबला.

"हा रस आहे!" साखरशेतचा मामा तडकला. "करवंदांचा रस! रस प्यायला म्हणून पोरगी दिली असं कुठं असतं का? दारू लागते!"

हे मात्र खरं होतं. सगळे मंगळूआज्याकडे बघायला लागले. दारूच्या बाबतीत त्याचा शब्द पाड्यात शेवटचा. आजा पुढे झाला, तुंबा हुंगला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"नीट कळत नाय," म्हणाला, आणि दुसरा घेतला.

"आता?"

"जिभेला चावतंय. पण खात्री करावी लागंल." त्यानं तुंबा शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. त्यालाही खात्री करायची होती. त्याच्या शेजारच्यालाही. न्याय म्हणजे न्याय, घाईनं कसा होणार? तुंबा पालथा झाला आणि एकही थेंब पडेना, तेव्हा मंगळूआजा डुलत उभा राहिला.

"चढली," त्यानं निकाल दिला, आणि खाली बसला.

मामानं अर्धा सुटलेला कागद परत गुंडाळला. कारकून पोरगा मात्र सुटल्यासारखा हसला. त्याचीही कुठे कुणी असणार, बूट त्याला मामानं घातले होते. जाताना तो मुकेशच्या खांद्यावर हलकेच थाप मारून गेला.

लोक पांगले तशी चंदना आजीपुढे बसली. "आजी. खरं सांग. चुकून प्यालीस?"

"मी धवलेरी हाय. कुणाच्या हातून काय पिते ते मला कळत नाय?"

"पण तुझा शब्द! त्या घरचं पाणी..."

"पाणी," हौशी म्हणाली. "पाणीच म्हटलं होतं मी. त्या तुंब्यात पाणी होतं का? थेंबभर तरी? त्या गोऱ्याला उगाच का ओरडत होते मी? करवंदं आपल्या डोंगराची, तुंबा माझा, ऊन देवाचं. त्या घराचा फक्त पोरगा होता. त्याला मी नको कधी म्हटलं?"

चंदनानं तोंडावर हात ठेवला. "मग साखरशेतच्यांना कशाला बोलावलंस?"

"साक्षीला. नि तुला जरा रडू दे म्हटलं. न रडता मिळालेला नवरा टिकत नाय." ती जरा थांबली. पुढचं बोलताना तिचा आवाज उतरला. "त्या मांडवात शेकड्यांनी माणसं होती गं. गाणं तुटलं ते एकालाच कळलं, मेढीला टेकलेल्या त्या पोराला. बांबू वाहताना ओळखला मी त्याला, त्यानं विचारायच्या आधीच. त्याला पोरगी नाय द्यायची तर कुणाला?"

पण हौशी म्हणजे हौशी. फुकट काही सोडायची नाही. लग्नाआधी तिची एक अट होती, आणि ती ऐकून खोडाळ्यात हेमंतनं डोक्याला हात लावला.

"आजी, माझी पोरं शाळेत जातात आता!"

"अर्ध्या लग्नाची पोरं हायत ती. पाटावर बस."

हेमंत बसला. शेजारी त्याची बायको पुष्पलता लाजत बसली, इतकी की खुद्द लग्नातही लाजली नव्हती. दोन्ही पोरं मांडीवर. घरातला टीव्ही, मोबाइल, अंगणातली कोंबडीसुद्धा झाकली. हौशीनं डोळे मिटले आणि जिथं तुटलं होतं तिथूनच, त्याच सुरात, धागा उचलला. नवरदेव नदीवर उभा. नदीला पूर. पलीकडे नवरी उभी. तिनं बघितलं, हा काही हलत नाही. मग तिनंच पदर खोचला, बांबू तोडले, वेली आणल्या, पूल टाकला, आणि पूल ओलांडून येऊन त्याला म्हणाली, चल.

मुकेशनं तोंड उघडलं ते उघडंच. "म्हणजे... नवरदेवानं काहीच केलं नाय?"

"नवरदेव काय करतात?" हौशी म्हणाली. "वाट बघतात. ती बघितली ना त्यानं? पुष्कळ झालं."

आणि मग, सगळ्यांच्या देखत, तिनं हेमंतच्या घरचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायली. गाणं पुरं झालं होतं. शब्दही तिथंच सुटला.

परतताना जीपमध्ये हौशी पुढच्या सीटवर बसली. चंदना मागे. मुकेशनं आरसा जरासा वळवला. हौशीनं तो पकडून स्वतःकडे वळवला.

"रस्ता समोर हाय."

"होय आजी."

आभाळ भरून आलं होतं, वारा ओल्या मातीचा.  मग मागून एक हात हळूच पुढे आला. तळव्यावर करवंद होतं, मोसमातलं शेवटचं, काळंभोर पिकलेलं.

मुकेशनं बघितलं. घेतलं नाही.

"मी विचारलं नाय," तो म्हणाला.

"हेमंतदादाच्या अंगणात विचारलंस की. नवरदेवानं काहीच केलं नाय का म्हणून, तोंड उघडं टाकून."

"मग हे काय?"

"उत्तर," चंदना म्हणाली. आवाज इतका बारीक की इंजिनात बुडावा, पण बुडाला नाही. "मला तूच हवायस. आता खा गप."

त्यानं खाल्लं. ओठ जांभळे झाले. हौशी डोळे मिटून बसली होती, झोपल्यासारखी. तशीच, डोळे न उघडता, तिनं हात वर केला आणि आरसा परत मागे वळवला.